सुकरामचा घानावाला महापरसाद

विद्यापीठात साहेबांच्या खोलीबाहेर एक फोटो लावलेला असतो. आपले साहेब, परदेशी पाहुणे, दोघांच्या हातात पेन, मागे बॅनर, समोर फुलांचा गुच्छ. पाहिलाय ना? मग मला एक सांगा, त्या फोटोतली माणसं आज एकमेकांच्या घरी कोण जगलं, कोण मेलं, एवढं तरी विचारतात का?

राग आला असेल तर येऊ द्या. मला कॉलेजचं गेट माहीत आहे ते मोर्चा अडवला जातो ती जागा म्हणून. आतलं शास्त्र मला कळत नाही. पण दोन देशांच्या विद्यापीठांचा एक करार कशावर उभा होता आणि कशानं पडला, ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. तो सुकराम मरसकोल्हे नावाच्या माणसावर उभा होता. त्या कागदावर त्याचं नाव कुठंच नव्हतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनला उतरून डोंगराच्या अंगानं चालत गेलं की अमलीटोला हा पाडा लागतो. सुकराम तिथला. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, एरवी जंगलखात्याची मजुरी, घरामागे धानाची एक बांधी. गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता. भांडखोर होता, मोहाची प्यायला की सगळ्या टोल्याला उपदेश करायचा, आणि आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही असं त्याला मनापासून वाटायचं. माझं आणि त्याचं जमलं ते म्हणूनच. रेशनच्या भांडणात तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला होता.

त्याचा मोठा मुलगा चैतराम लहानपणीच गेला. हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, पोट फुगायचं. कोणी कावीळ म्हणालं, कोणी बाहेरचं म्हणालं. मग धाकटी नीतू तशीच दुखायला लागली. सुकराम आणि त्याची बायको शामकला तिला घेऊन कुठं कुठं फिरले असतील ते त्यांनाच ठाऊक.

२००२ साली लोकेंद्र सर आले. आपल्याच जिल्ह्यातले, मोठ्या शेतकरी घरचे, शिकून विद्यापीठात प्राध्यापक झालेले. त्यांच्यासोबत घाना देशातल्या विद्यापीठाचे डॉक्टर होते, कोजो बेडियाको, कधीकाळी भारतात शिकलेले, कामापुरती हिंदी येणारे. सिकलसेल नावाचा आजार त्यांच्याकडेही आहे, आपल्याकडेही आहे, दोघांनी मिळून अभ्यास करायचा, असा तीन वर्षांचा करार. महिन्यातून एकदा शाळेच्या वऱ्हांड्यात रक्त तपासायचं, औषध द्यायचं, आणि त्या रक्तावर दोन्हीकडे संशोधन करायचं.

पहिल्या दिवशी वऱ्हांड्यात माणसं जमली ती लांबून तमाशा पाहायला. रक्त द्यायला कोणी पुढे येईना. रक्त बाहेर नेऊन विकतात ही बोंब आधीच पोचली होती. सुकरामची चुलती धुरपताबाई सगळ्यांत पुढे बसली होती.

"साहेब कोठी आहे गा?" तिनं विचारलं.

"हा का, तुह्या पुढंच तं उभा आहे," सुकराम म्हणाला.

"हट! साहेब गोरा राह्यते. हा तं आपल्याच रानातला दिसते."

लोकेंद्र सर लाजेनं लाल झाले. डॉक्टरनं अर्थ विचारला. कोणीतरी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला, तसा तो माणूस एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग सरळ धुरपताबाईशेजारी जमिनीवर बसला आणि स्वतःची बाही वर करून नर्सला म्हणाला, पहले मेरा. त्याच्यानंतर सुकरामनं हात पुढे केला. त्यानंतर रांग लागली.

पुढची तीन वर्षं ती रांग सुकरामनं लावली. डोंगरावरच्या टोल्यांतून माणसं उतरवायची, रुसलेल्याला शिव्या घालायच्या, ज्याच्या लेकराला ताप आला त्याला "महिन्याची वाट कायले पाहून रायला बे, आत्ताच्या आत्ता ने" म्हणून हाकलायचं. हे सगळं तो मिरवत करायचा. डॉक्टर वर्षातून दोनदा घानाहून यायचा आणि सर्किट हाऊस सोडून सुकरामच्या ओसरीवर झोपायचा. डॉक्टरची धाकटी बहीण याच आजारानं गेली होती. त्यानं सांगितलं तेव्हा सुकराम उठला. चैतरामचा शर्ट आतून आणून त्याला दाखवला, एवढंच.

दुसऱ्या वर्षी सुकरामनं त्याला महापरसाद बदायचं ठरवलं.

आमच्या पूर्वेकडच्या, छत्तीसगडला लागून असलेल्या गावांत हे नातं आहे. दोन माणसं देवीपुढं बसतात, नारळ आणि कापड एकमेकांना देतात, प्रसादाचे वाळलेले तांदूळ एकमेकांच्या तोंडात घालतात. तिथून पुढं ते महापरसाद. भावापेक्षा जवळचे. एकाचं लेकरू दुसऱ्याचं लेकरू. आणि त्या दिवसापासून एकानं दुसऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, मरेपर्यंत. हाक मारायची ती महापरसाद म्हणूनच.

टोल्यातल्या जाणत्यानं हे सगळं समजावलं. डॉक्टर करारांना सरावलेला माणूस. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये कितने साल का होता है?"

"साल?" सुकराम म्हणाला. "इसमें साल कहाँ से आया?"

"रिन्यू नहीं करना पड़ता?"

"मरने के बाद भी नहीं, साहेब. तुम मरोगे तो मेरा लड़का रोयेगा." मग त्याला आठवलं की मुलगा नाही. म्हणाला, "मेरी लड़की रोयेगी."

डॉक्टर बसला. तांदूळ खाल्ले. मी होतो तिथं. लोकेंद्र सरांनी फोटो काढले, आणि त्यातला एक पुढं कुठल्यातरी अहवालावर छापला, आदिवासी संस्कृतीचा आदर म्हणून.

नीतू तोवर बरी चालायला लागली होती. रोजची कॅप्सूल होती, पण ती आंधळेपणानं देता येत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून डोस ठरवावा लागतो, चुकला तर अंगातलं उरलंसुरलं रक्त घटतं. म्हणून नीतूचं सगळं त्या वऱ्हांड्यावर होतं. वऱ्हांडा करारावर होता. सुकरामला हे पक्कं कळत होतं.

२००५ मध्ये तीन वर्षं भरली. करार पुढं वाढवायचा कागद आपल्याकडच्या विद्यापीठात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागला. घानाकडून सही होऊन आली होती. इकडची होईना. वऱ्हांडा बंद झाला. कॅप्सूल संपत आल्या. सुकराम मला गोंदियाला, माझ्या कुडव्यातल्या घरी गाठायचा आणि विचारायचा, "काऊन थांबलं भाऊ? भांडण झालं का त्यायचं?"

"भांडण नाही. सही राहिली आहे."

"सहीच ना? मग मी घेऊन येतो. मानूस दाखवजो फक्त."

मी त्याला लोकेंद्र सरांकडे नेलं. सर म्हणाले, प्रोसेसमध्ये आहे. पुन्हा गेलो, पुन्हा प्रोसेसमध्ये. सर स्वतःच बढतीची वाट पाहत होते आणि सही अडवून बसलेल्या वरच्या साहेबांना दुखवायचं नव्हतं, हे मला विद्यापीठातल्या शिपायानं सांगितलं.

मग डॉक्टर स्वतःच आला. विद्यापीठाचं बोलावणं निघालं नव्हतं, म्हणून साधा पर्यटकाचा व्हिसा काढून. नागझिऱ्याचे वाघ पाहायला आलेला पाहुणा, कागदावर. पिशवीत कॅप्सूल आणि तपासायचं छोटं यंत्र. अमलीटोल्यात चार-पाच दिवस राहिला, नीतूचं आणि आणखी काही लेकरांचं रक्त तपासलं, औषध दिलं आणि परत गेला. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पण सुकरामनं दरेकशाच्या बाजारात छाती काढून सांगितलं. "तुमचे पाव्हणे सालेकशाहून येतेत. माहा महापरसाद समुद्र ओलांडून आला, कोनाच्या सहीबिना!"

तो काळ कसला होता ते इकडच्या माणसाला सांगायला नको. डोंगरात दादालोक, म्हणजे नक्षलवादी, फिरायचे, पोलीस फिरायचे, आणि मधल्या टोल्यातल्या माणसानं कुणाला भात वाढला याची चौकशी दोन्हीकडून व्हायची. परदेशी माणूस जंगलात राहून गेला ही बातमी ठाण्यात पोचायला कितीसा वेळ? कागदोपत्री चौकशीत दोन-तीन महिने गेले आणि सुकरामला उचलून नेलं.

मला निरोप मिळाला तेव्हा मी पहिल्या पॅसेंजरनं निघालो. ठाण्याबाहेर शामकला नीतूला मांडीवर घेऊन बसली होती. आत सुकराम जमिनीवर, समोर खुर्चीत ठाणेदार.

"कोण आला होता तुझ्याकडे?"

"महापरसाद."

"अरे वो रिश्ता हुआ. नाम बोल, नाम."

"नाव नाई घेता येत साहेब."

"का? त्यानं धमकी दिली?"

"धमकी कायले देईन? महापरसाद होय तो माहा."

"बायकोचं नाव घेतोस ना? मग याचं घ्यायला काय लाज वाटते?"

"बायको सोडता येते साहेब," सुकराम म्हणाला. कोपऱ्यातला शिपाई फस्सकन हसला. ठाणेदार हसला नाही.

मी मध्ये पडलो. डॉक्टर कोजो बेडियाको, घाना, अमुक विद्यापीठ, सगळं मोठ्यानं सांगितलं. ठाणेदार म्हणाला, "तुमच्या घरी उतरला होता का? नाही ना? मग बसा बाहेर. घरमालकाचा जबाब लागतो." तसा तो वाईट माणूस नव्हता. त्यानं विद्यापीठाला विचारलं होतं, आणि विद्यापीठानं लेखी कळवलं होतं की आमचा कोणीही परदेशी सहकारी या काळात आलेला नाही. खाली सही लोकेंद्र सरांची. म्हणजे आता सुकरामच्या घरात झोपून गेलेला माणूस कोणीही असू शकत होता. बंदुकवालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी लोकेंद्र सर गाडी करून आले. मला वाटलं, लाज वाटली असेल. त्यांनी सुकरामला ठाण्याच्या वऱ्हांड्यात बाजूला घेतलं. मी तिथंच उभा राहिलो, मला कोण हलवणार!

"सुकराम, नाव सांगून टाक. विषय मिटतो. उगाच संशय राहिला तर करार कायमचा जाईल. तू नाव सांगितलंस, तो खासगी भेटीला आला होता म्हणालास, की मी स्वतः फाईल घेऊन बसतो. पुढच्या महिन्यात वऱ्हांडा सुरू."

"खरंच होते का सर?"

"माझ्यावर भरवसा नाही?"

"सर," मी म्हणालो, "तुम्ही का नाही सांगत नाव? तुमच्याच सहीनं तो तीन वर्षं आला ना?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही. मी लिहून दिलंय, आता बदलता येत नाही."

"आणि यानं बदलायचं? देवीपुढं बोललेलं?"

ते माझ्याकडे पाहायलाही तयार नव्हते. मी सुकरामला म्हणालो, घेऊ नको नाव, वकील आणतो, दोन दिवस काढ. त्यानं ऐकलं, पण तो पाहत होता ठाण्याबाहेर. नीतूचा चेहरा सुजला होता आणि शामकला तिचे गुडघे चोळत होती. डॉक्टरनं दिलेल्या कॅप्सूल संपूनही आठवडे झाले होते.

सुकराम नळावर गेला. चूळ भरली. चपला काढून ठेवल्या. आत येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि महापरसादाचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आम्हा कुणाच्याच तोंडी ते नाव नीट बसत नव्हतं, मी अजूनही अडखळतो. तो अडखळला नाही. तेवढ्यासाठी मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

बाहेर शामकलानं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "आता तो आपला कोन झाला?"

वऱ्हांडा सुरू झाला नाही. ते नाव वर गेलं. पर्यटकाच्या व्हिसावर येऊन रक्त तपासलं, औषध वाटलं, म्हणून डॉक्टरला या देशाचं दार बंद झालं. आपल्या विद्यापीठानं तोच जबाब जोडून लिहिलं की सहयोगी संस्थेच्या प्रतिनिधीनं नियमभंग केल्यामुळे करार वाढवता येत नाही. सुकरामच्याच तोंडून काढलेलं नाव सुकरामच्याच लेकीच्या औषधाआड आणून ठेवलं. वर्षाच्या आत लोकेंद्र सरांचा दुसऱ्या कुठल्या देशाशी दुसऱ्या कुठल्या विषयावर करार झाला. त्या कराराचा फोटो सरांच्या खोलीबाहेर भिंतीवर आहे. मी त्याच्यासमोर उभा राहून सरांना म्हणालो, "अमलीटोल्याला चला. सुकरामला तोंडानं सांगा की होणार नाही. तो अजून पुढचा महिना मोजून राहिला."

"मी काय करणार? समितीचा निर्णय आहे."

"समितीला घेऊन चला."

शिपायाला बोलावलं त्यांनी. मला बाहेर काढायला.

शेवटी सुकरामला मीच सांगितलं. तो चिडला नाही, हे मला आवडलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "मग नाव कायले घ्यायले लावलं?"

२००७ च्या दिवाळीआधी नीतूला ताप चढला. पोट फुगलं, ओठ पांढरे पडले. सुकरामनं तिला पाठीवर घेऊन दरेकसा स्टेशन गाठलं. गाडी उशिरा होती. स्टेशनच्या बाकावर ती गेली. पॅसेंजर आली तेव्हा सुकराम आणि शामकला तिला घेऊन डोंगराकडं परत निघाली होती. त्यानंतर सरकारी दवाखान्यांतून या आजाराची तपासणी सुरू झाली, लोक म्हणतात बरं झालं. बरं झालंच. मी कुठं नाही म्हणतो?

सुकराम आता कुठल्याच पंगतीत बसत नाही. लग्न असो, तेरवी असो, मांडवाबाहेर उभा राहतो, कामं करतो, न जेवता घरी जातो. आधी पोरं टोमणे मारायची, "काका, तुमचा फॉरेनवाला येईन तवाच जेवसान का?" आता मारत नाहीत. जाणत्यानं त्याला सांगितलं आहे की नाव घेतल्याचा दोष एकाच वाटेनं जातो. महापरसाद घरी यावा, त्याच्यासमोर कबूल करावं, एका ताटात जेवावं. येता येत नसेल तर त्यानं तिकडून तरी म्हणावं की मी तुला सोडलं नाही. दारू त्यानं सोडली. भांडणंही सोडली. मला तो भांडणारा सुकराम परत पाहिजे, पण मागू कुणाला?

आणि एक गोष्ट त्याला जास्त खाते. नीतू त्या डॉक्टरचीही लेक होती, नात्यानं. बापाला लेकीच्या मरणाचा निरोप जायला हवा होता. तो गेलेला नाही. गोंदियाच्या सायबर कॅफेत बसून मी घानाच्या त्या विद्यापीठाला मेल लिहिले, पोरांकडून इंग्रजी करून घेऊन. एकदा उत्तर आलं. हे गृहस्थ आता आमच्याकडे नाहीत, माजी कर्मचाऱ्यांची माहिती आम्ही अनोळखी व्यक्तींना देत नाही. अनोळखी व्यक्ती म्हणजे मी. इकडच्या विद्यापीठाला पत्ता मागितला, तर म्हणाले तो प्रकल्प बंद झाला आहे. जणू माणसंच बंद झाली.

मागच्या महिन्यात गेलो होतो. सुकराम ओसरीवर दोरी वळत बसला होता. म्हणाला, "भाऊ, त्याले सांगजो, पोरगी गेली. आनि सांगजो, नाव म्याच घेतलं. दुसऱ्या कोनाचं नाव नको सांगजो."

"लोकेंद्र सरांचंही नाही?"

"नाई. घेतलं तं म्याच ना?"

तेव्हा शिकलेल्या माणसांनो, मी तुमच्यासमोर कधी हात जोडले नाहीत, आज जोडतो. माझ्या अर्जाला तिकडं किंमत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी प्राध्यापक आहे, कुणाची मुलगी परदेशात शिकते, कुणाच्या खात्याचा आफ्रिकेतल्या एखाद्या विद्यापीठाशी आत्ताच करार झाला आहे. तुमच्या छापील कागदावर चार ओळी लिहा. डॉक्टर कोजो बेडियाको आज कुठं आहेत ते शोधा. त्यांना कळवा की नीतू गेली, की नाव सुकरामनं घेतलं आणि का घेतलं, आणि त्यांच्याकडून एका वाक्याचं उत्तर मागून घ्या. उत्तर काहीही असो, दरेकसा स्टेशनला उतरून ते अमलीटोल्याला स्वतः नेऊन सांगा.